कुंपण वरून, वाट खालून

पूर्णगडच्या किल्ल्याखाली मुचकुंदी समुद्राला मिळते. मुखाशी वाळू साचते आणि पावसाळ्यात ती जागा बदलते. हंगामाच्या सुरुवातीला खोल पाण्याची वाट नव्याने शोधावी लागते. पहिला तांडेल भरती बघून अंदाजाने होडी काढतो, दुसरा त्याच्या मागोमाग, आणि चार दिवसांत वाट सगळ्यांना ठाऊक होते. नकाशा कोणी काढत नाही, हुकूम कोणी सोडत नाही.

व्यवस्था वरून आखावी की खालून घडू द्यावी, हा वाद वाचताना मला ही वाट आठवते. खालून घडण्याच्या बाजूचे लोक अशीच उदाहरणं देतात. पण वाट दुसऱ्याने वापरली म्हणून माझी कमी होत नाही. मासळीचं तसं नाही. मी जास्त नेली तर शेजाऱ्याच्या जाळ्यात कमी. तिथे आपसात बसून ठरवावं लागतं.

तुर्कस्तानातल्या आलान्याच्या मच्छीमारांनी ते ठरवलं. १९७० नंतरच्या काळात चांगल्या जागांवरून तिथे भांडणं होत. मग त्यांनी जागांची यादी केली आणि दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून वाटणी सुरू केली. जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचं, पुढे पश्चिमेकडे. चांगली जागा पाळीपाळीने सगळ्यांना मिळे, आणि ज्याची पाळी तोच राखण करी. निरीक्षक नेमावा लागत नसे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात हे मांडलं; २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग आपल्या किनाऱ्यावर एवढं का पुरत नाही? आलान्याची मंडळी एकमेकांना ओळखत होती. रात्री एलईडी दिवे लावून थवा गोळा करणारी आणि पर्ससीनच्या एका वेढ्यात तो उचलणारी नौका लांबच्या बंदरातली असते. तिच्या मालकाला आमच्या गावात ना कोणाच्या निकाहला यायचं असतं, ना जनाज्याला. लाज कोणाची धरणार? म्हणून ५ फेब्रुवारी २०१६ चा राज्य सरकारचा आदेश मला महत्त्वाचा वाटतो. त्याने पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्यापुरतंच ठेवलं. २०१७ मध्ये केंद्राने एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. असं कुंपण वरूनच यायला हवं. कुंपणाच्या आत कोणी कुठे जाळं टाकायचं, ते मात्र मंत्रालयाला कळणार नाही.

मदिनेच्या बाजाराविषयीच्या हदीसांत हाच भेद आहे. महागाई झाली तेव्हा लोकांनी पैगंबरांना (स.) भाव ठरवून द्या म्हणून विनवलं, त्यांनी नकार दिला. पण येणारा काफिला वाटेतच गाठून माल उचलायला त्यांनी मनाई केली. धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल वर ठेवायला सांगितलं, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल. भाव बाजारावर सोडला, लबाडी नाही.

आता अडतं ते अंमलबजावणीशी. दिव्यांचा झगमगाट सगळ्यात आधी दिसतो तो छोट्या होडीतल्या दोघा-तिघांना, आणि नौका अडवायचा अधिकार असतो किनाऱ्यावरच्या साहेबाला. त्या दोघांची खबर त्याच रात्री गस्तीनौकेपर्यंत पोचली पाहिजे. सकाळी नौका आपल्या बंदरात पोचलेली असते, आणि मासळी बर्फात.