धुऱ्यावरचा पळस

आसगावच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर एक पळस होता. कोणी लावलेला नव्हता. पळस कोणी लावत नाही. त्याच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं. उन्हाळ्याच्या वावटळीत शेंग जिथं पडेल तिथं झाड. आमच्या झाडीबोलीत 'ळ' नाही, म्हणून आई त्याला 'परस' म्हणे आणि पोळ्याला 'पोरा'. मी मास्तर झाल्यावर तिचा 'ळ' सुधारायला जायचो. ती नुसती हसायची.

१७५७ च्या लढाईच्या प्लासीचं नाव पळसावरून पडलं, भंडारा-गोंदियाकडे पळसावर लाखेचा किडा पोसतात, हे मी वर्गात रंगवून सांगे. घरातला पळस मात्र आईबाबांचा होता. बाबा खांदशेकणीला पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावत आणि कानाशी म्हणत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मुळ्या खणून, कुटून वाख काढत, त्याचे दोर वळत. पोळ्याला दारासमोर पळसाच्या फांद्या ठेवायच्या, त्या आमच्याकडचे मेढे. दुसऱ्या दिवशी पहाटे मारबतीसोबत ते गावाबाहेर टाकायचे, की इडापिडा गेली. आई उन्हाळाभर पानं बांबूच्या काडीनं टाचून पत्रावळी लावी. ताईच्या लग्नाची अख्खी पंगत त्यावर उठली.

बाबा गेले, बैल विकले, ट्रॅक्टर आला. वळताना पळस आड यायचा, त्याच्या सावलीत धानही खुरटायचा. एका सकाळी जेसीबी बोलावला. अर्ध्या तासाचं काम. आईला मी सांगितलं नाही. गुडघ्यांमुळं ती शेतावर येत नव्हती, कळणार कसं, असा माझा हिशेब.

पोळ्याच्या दुपारी ती म्हणाली, "बाबू, परसाची डांग आन. मेढे ठेवाचे हायेत."

पवनीच्या रस्त्यावरून मी एक फांदी तोडून आणली. तिनं ती हातात घेतली, बुडाशी बोट फिरवलं.

"हा आपला नोहोय."

"पळसाला पानं तीनच असतात, आई. कुठलाही घे."

"पानं तीनच रायतेत. आपल्या परसाले तुह्या बापाच्या कोयत्याच्या गाठी हायेत."

खरं होतं. बाबा दर वर्षी एकाच ठिकाणी छाटत, तिथं मुठीएवढी गाठ झाली होती आणि नवे फोक तिच्यातूनच निघत. इतकी वर्षं ती फांदी मीच घरी आणत होतो. मला ते कधी दिसलं नव्हतं.

रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फांदी दारात ठेवली, कुंकू लावलं आणि आत गेली. पळसाचं नाव नंतर आमच्यात निघालंच नाही.

पुढच्या वैशाखात ती गेली. तेराव्याची पंगत बाजारातल्या चंदेरी कागदाच्या पत्रावळींवर बसली. वाढताना माझी मान वर होत नव्हती.

त्याच पावसात धुऱ्यावर, जिथून बुंधा उपटला होता तिथून हातभर अंतरावर, जमिनीत राहिलेल्या मुळातून तीन-चार कोंब वर आले. रोपाच्या मानानं पानं केवढाली! मुलगा ट्रॅक्टरवर होता. त्याला म्हटलं, "इथं फाळ उचल."

"मग वळू कुठून?"

"मागं घे."

यंदा त्यातला एक कमरेएवढा झालाय. मेढ्याला अजून पुरत नाही.