पाकिटातला पत्ता

आमच्या शाळेत सहामाही परीक्षा संपली की एक जादूगार यायचे. चार टेबलं जोडून केलेला रंगमंच, मागे गणपतीच्या मांडवातला उरलेला पडदा आणि पुढे सतरंजीवर आम्ही. जादूगारांच्या अंगात कोट असायचा आणि तोंडात कोटी. कोट उन्हानं विटलेला. कोट्याही बहुधा तितक्याच वापरातल्या, पण आम्हाला दोन्ही नवे कोरे वाटायचे.

खिशातला हातरुमाल काढून ते झटकायचे. "रुमाल म्हणजे काय? रु अधिक माल. माल तर दिसतोय, रु कुठं गेला?" असं म्हणत पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी कानामागून रुपया काढायचे. मग पत्त्यांचा कॅट यायचा. एका वर्षी त्यांनी वर्गातल्या एका मुलाला पत्ता ओढायला लावला. चौकट राजा निघाला. त्यावर त्याला शाईनं सही करायला सांगितली, पत्ता कॅटात घातला, कॅट पिसला आणि एकेक पान उलटून दाखवलं. राजा नाही. "गुरुजी, पत्त्याचा पत्ता नाही!" आम्ही हसलो. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून चामड्याचं पाकीट काढलं. पाकिटात पोस्टाचं बंद पाकीट. पाकिटावर आमच्या शाळेचा पत्ता. फोडलं, तर आत चौकट राजा, सहीसकट. "पाकिटात पाकीट, पाकिटावर पत्ता, पाकिटात पत्ता. पोस्टाची कृपा!"

मी धावत घरी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. पाकिटाची कोटी ऐकून ती हसली. जादू ऐकून नुसतं "हो का?" म्हणाली. तेव्हा कळलं नाही, पण त्या दिवशी मी जादूगारांची एक वस्तू घरी आणली होती आणि दुसरी तिथंच टेबलावर राहिली होती. कोटी खिशात घालून नेता येते. जादू येत नाही.

आपल्या भाषेनं या धंद्याचं नाव ठेवताना दोन्ही वस्तू मोजलेल्या आहेत. जंतरमंतर. जंतर म्हणजे यंत्र: पेटीचा चोरकप्पा, बाहीतला दोरा, पाकिटाची खास शिवण. मंतर म्हणजे मंत्र: जे मोठ्यानं ऐकवायचं ते. जंतर लपवायचं आणि मंतर सर्वांसमोर म्हणायचा, ही वाटणी फार जुनी आहे. जादूगार मंडळी आपल्या प्रयोगातल्या बोलण्याला 'पॅटर' म्हणतात. तो इंग्रजी शब्द 'पातेर नोस्तेर' या लॅटिन प्रार्थनेच्या सुरुवातीच्या शब्दांतून आला. घाईघाईनं पुटपुटलेली प्रार्थना झिजत झिजत बडबड झाली. 'होकस पोकस'चीही कुळकथा तशीच सांगतात. टिलटसन नावाच्या आर्चबिशपानं सतराव्या शतकाच्या अखेरीस तर्क केला, की चर्चमधल्या 'होक एस्त कोर्पुस' या लॅटिन शब्दांची ती नक्कल असावी. तर्क खरा असो वा खोटा, त्यातलं एक पटतं. मंत्रावरचा विश्वास उडाला तरी जादूगाराला तोंड गप्प ठेवता आलं नाही. मंत्राची जागा रिकामी होती, तिथं त्यानं विनोद आणून बसवला.

आणि विनोद नुसता जागा अडवून बसत नाही, काम करतो. माझा एक मित्र बँकेत नोकरी करतो आणि शनिवार-रविवारी मुलांच्या वाढदिवसांना जादूचे प्रयोग करतो. एकदा त्याच्या पेट्या उचलायला मी बरोबर गेलो आणि पडद्याच्या कडेला, जिथं प्रेक्षकानं कधी बसू नये तिथं, बसलो. त्यानं एका काकूंना पत्ता ओढायला लावला. निघाली बदाम राणी. पुन्हा कॅटात घालून त्यानं विचारलं, "कोणता पत्ता होता?" काकू गडबडल्या. "अहो काकू, बदाम हातात घेऊनसुद्धा स्मरणशक्ती सुधारली नाही?" हॉल हसला. काकूंनी तोंडावर पदर घेतला, दोघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या, एक आजोबा डोळे पुसू लागले. त्या दोन-तीन सेकंदांत मित्राचा डावा हात, अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखा, टेबलाच्या कडेला गेला आणि परत आला. कुणी पाहिलं नाही. पाहायला कुणी शिल्लकच नव्हतं.

परतीच्या रिक्षात मी त्याला म्हणालो, "मला वाटलं होतं, तू झटकन करत असशील."

"झटकन केलं की दिसतं रे," तो म्हणाला. "हसताना माणूस डोळे मिटतो, मान मागे टाकतो, शेजाऱ्याकडे बघतो. टाळी पडली की मी नमस्कार करतो आणि हशा पडला की काम."

म्हणजे कोटी ही जादूची दासीच म्हणायची? काही दिवस मला तसंच वाटलं. मग वाटलं, हिशोब एवढा सरळ नाही. जादूत दोन गोष्टी असतात आणि आपल्याला एकच दिसते: दोन दोर असतील, दोन पत्ते असतील, आपण मात्र शपथेवर सांगतो की एकच होता. कोटीतही दोन गोष्टी असतात, पण दोन्ही एकदम दिसल्याशिवाय ती होतच नाही. 'पत्ता' ऐकून ज्याला नुसतं खेळातलं पान दिसलं, तो कोरडाच राहतो. जादूगार एका हातानं आपल्याला फसवतो, अडाणी ठरवतो. चारचौघांत फसणं कुणाला आवडतं? मग दुसऱ्या हातानं तो एक छोटीशी युक्ती आपल्यासमोर पूर्ण उघडी करून ठेवतो: हा शब्द, हे त्याचे दोन तळ, बघा, कळलं ना? कळल्याचा तो आनंद म्हणजे परत आलेली सुट्टी मोड. म्हणून आपण फसूनही खुशीत घरी जातो. ज्या जादूगाराला विनोद नाही त्याच्या प्रयोगाला टाळ्या पडतात, पण बाहेर पडताना लोक जरा गप्प असतात.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रानं श्लेषाचे दोन प्रकार सांगितले आहेत. शब्द न तोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष. तोडून निघाले तर सभंग. 'पत्ता' अभंग, 'रु-माल' सभंग. शाळेत हे शिकताना मी पेंगत होतो. पुढे कधीतरी दोराचा प्रयोग पाहिला. जादूगार दोर मधोमध कापतो, टोकं वेगळी करून दाखवतो, गाठ मारतो, फुंकर घालतो, आणि दोर सलग. आधी सभंग, मग अभंग! व्याकरणाचं पुस्तक टेबलावर प्रयोग करत होतं, आणि टाळी एकट्या मला वाजवावीशी वाटली.

पण दोराची जादू टोकियोतही चालते. कोटीचं तसं नाही. हिंदीत ठिकाणाचा 'पता' एकेरी आणि झाडाचा नि खेळातला 'पत्ता' दुहेरी. मराठीनं दोन्ही एकाच साच्यात ओतले, म्हणून आमच्या जादूगारांचं पाकीट आम्हाला हसवू शकलं. तेच पाकीट घेऊन ते इंदूरला गेले असते तर जोडाक्षरालाच अडखळले असते. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी परदेशात प्रयोग केले आणि 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिलं. ते नाव वाचलं की मला वाटतं, प्रवासाला निघताना जंतराच्या पेट्या तेवढ्या जहाजात चढत असतील. मंतराचं बोचकं बंदरावरच सोडावं लागत असेल. प्रतुलचंद्र सरकार जगभर 'इंद्रजाल' घेऊन फिरले. त्यांनी परक्या भाषेतली एक कोटी मात्र आपल्या नावातच शिवून घेतली: आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं बदललं की त्यात 'सॉर्सरर', म्हणजे मांत्रिक, डोकावावा. आपल्याकडे त्याचीही गरज नव्हती. वस्तू डोळ्यांदेखत गायब करणाऱ्याचं नाव सरकार असणं यात मराठी माणसाला काहीच नवल वाटत नाही.

इंग्लंडमधल्या टॉमी कूपरनं तर उलटाच मार्ग धरला. उंच, धिप्पाड देह, डोक्यावर लाल फेझ टोपी आणि मुद्दाम फसवलेले प्रयोग. मूळचा तो चांगला जाणता जादूगार. फसणं हीच त्याची हातचलाखी. त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. माळ्यावर जुनं व्हायोलिन आणि जुनं चित्र सापडलं, जाणकाराला दाखवलं, तर तो म्हणाला, एक स्ट्रॅडिव्हेरियसचं आहे आणि एक रेम्ब्रांटचं. वाईट एवढंच, की स्ट्रॅडिव्हेरियसला चित्रं जमत नसत आणि रेम्ब्रांटला व्हायोलिनं. हा तर वाट्या आणि चेंडूंचाच खेळ: वाट्या दोन, चेंडू दोन, आणि उचलून पाहावं तर अदलाबदल झालेली. १५ एप्रिल १९८४ला लंडनच्या रंगमंचावर, दूरचित्रवाणीवर थेट कार्यक्रम चालू असताना, कूपर कोसळला. प्रेक्षक हसत राहिले. त्या पडण्याचे दोन अर्थ होते. एवढ्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी एकच घेतला.

परवा मित्राबरोबर पुन्हा गेलो होतो. सोसायटीचा हॉल, सहाव्या वाढदिवसाचा फुग्यांचा ढीग. मी त्याला आमच्या जादूगारांचं पाकीट फार पूर्वीच सांगून ठेवलं होतं आणि त्यानं ते आपल्या पद्धतीनं बसवलं होतं. पुढे बसलेल्या एका चिमुरडीनं पत्ता ओढला. राणी निघाली. सही म्हणून तिनं त्यावर फूल काढलं. पत्ता गेला. "पत्त्याचा पत्ता नाही!" मागच्या खुर्च्यांतले आईबाप, आजीआजोबा खदखदून हसले. सतरंजीवरची मुलं हसली नाहीत. ती मित्राकडे टक लावून बघत होती.

"काका, तुमच्या हातात आहे. ह्या."

हॉल शांत झाला. मित्र क्षणभर थांबला, मग त्यानं तळहात उघडला, फुलाचा पत्ता बाहेर काढला आणि खाली वाकून तिच्या हातात दिला. "तुझाच आहे. ठेव." टाळ्या पडल्या. त्यानं नमस्कार केला.

सामान आवरताना ती जवळ येऊन उभी राहिली. हातातला पत्ता उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, मग मला विचारलं, "ह्या कार्डवर पत्ता कुठंय?"

मी सांगायला लागलो, की कार्डालाच पत्ता म्हणतात, आणि घराचाही पत्ताच असतो, म्हणजे बघ... सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मी जादूची पेटी उलटी करून तिला चोरकप्पा दाखवतोय. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मित्राच्या बॅगेतलं पेन मागितलं, जमिनीवर बसली आणि राणीच्या डोक्यावर, फुलाच्या शेजारी, सावकाश वळणदार अक्षरात लिहू लागली: बी विंग, चौथा मजला.