उभ्या गाडीचें निदान

मोटर मध्यम स्थितीच्या घरांत आली, तेव्हां तिच्याबरोबर एक नवी भाषाही आली. "सेल्फ घेत नाहीं", "बॅटरी उतरली", "पेट्रोल येत नाहीं", हीं वाक्यें हल्लीं माजघरांतही ऐकूं येतात. परंतु त्यांच्यांतील भेद फारच थोड्यांच्या ध्यानांत असतो. गाडी सुरू होत नाहीं एवढेंच सांगून फिटरास बोलावणें म्हणजे "बरें वाटत नाहीं" एवढेंच सांगून वैद्यापुढें बसण्यासारखें आहे. मग वैद्याच्या बटव्यांत ज्या मात्रा असतील त्या आपल्या पोटांत जातात, आणि दक्षिणा मात्र सगळ्यांची द्यावी लागते.

आमची सारी हयात संस्कृत शिकविण्यांत गेली. यंत्रविद्या आम्हीं शाळेंत शिकलेल्या पदार्थविज्ञानापलीकडे जाणत नाहीं. तथापि रोग ओळखण्याची जी रीत आपल्या आयुर्वेदानें घालून दिली आहे, ती लोखंडाच्या देहासही लागू पडते असा आमचा अनुभव आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति हीं तीं पांच साधनें. त्यांतील उपशय म्हणजे उपचार करून पाहून रोग ओळखणें. आणि मोटरीच्या बाबतींत ह्या उपशयानेंच लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. तें कसें, तें पुढें येईलच.

प्रथम रूप पाहावें, म्हणजे किल्ली फिरवून कान द्यावा. कांहींच आवाज नाहीं आणि फलकावरचे दिवेही लागत नाहींत, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा तिच्या टोंकांवरची पकड सुटली आहे. दिवे लागतात, पण किल्ली फिरवितांच मंदावतात आणि आंतून टक-टक-टक ऐकूं येतें, तर वीज आहे, पण अपुरी आहे. एकच मोठा टक् होऊन दिवे तसेच तेजस्वी राहिले, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. पण एंजिन नेहमींच्या वेगानें फिरतें आणि पेट मात्र घेत नाहीं, अशा वेळीं बॅटरीस दोष देणें हा शुद्ध अन्याय होय. तेथें पेट्रोल, ठिणगी आणि हवा ह्या तिहींपैकीं कांहीं तरी अडलेलें असतें. किल्ली अर्धी फिरविली म्हणजे हल्लींच्या पेट्रोल गाड्यांत मागच्या आसनाच्या बाजूनें दोनएक सेकंद बारीक गुणगुण ऐकूं येते, ती पंपाची. ती आली नाहीं तर आधीं फ्यूज पाहावा, तो शाबूत असेल तर तारा पाहाव्या. पावसाळ्यांत बॉनेटखालची कोरडी जागा गणरायाच्या वाहनास फार आवडते, आणि तारांवरचें वेष्टण त्यास वर्ज्य नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट. आमचे थोरले बंधु २०२४ च्या मे महिन्यांत निवर्तले. त्यांची लहान पेट्रोल गाडी साताऱ्याच्या आमच्या वाड्याच्या अंगणांत ताडपत्रीखालीं उभी राहिली, ती थेट नवरात्रापर्यंत. मधला सारा पावसाळा तिला कोणीं हात लावला नाहीं. म्हणजे वहिनी तेवढ्या अधूनमधून ताडपत्री उचलून कांचा पुसून येत, पण त्याविषयीं घरांत कोणी कांहीं बोलत नसे. पुढें मुलांनीं विक्रीचा विषय काढला. गाडीच्या नोंदणीचीं अजून पांच वर्षें शिल्लक होतीं. तरी ती सुरू होत नाहीं असें पाहतांच दलालानें तिला भंगाराचा भाव सांगितला. ओळखीच्या एका फिटरानें बॅटरी, स्टार्टर आणि पेट्रोलचा पंप हीं तिन्ही बदलावीं लागतील असें गाडीला हातही न लावतां सांगितलें. तो खर्च ऐकून मुलांचें मन भंगाराकडे झुकलें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीं एकदां पाहा. मग काय तें ठरवा."

थोरल्या पुतण्याजवळ व्होल्ट मोजण्याचें लहान यंत्र होतें. पूर्ण भरलेली बॅटरी विसांव्यांत असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ वर आली म्हणजे ती जवळजवळ रिकामी झाली असें समजावें. आमची ७ सुद्धां दाखवीना. शिशाची बॅटरी अशी महिनोन्महिने रिकामी राहिली म्हणजे तिच्या पत्र्यांवर गंधकाम्लाच्या क्षाराचे कठीण कण बसतात आणि मग ती भार धरीत नाहीं. तेव्हां नवी बॅटरी घेणें प्राप्तच होतें. टोंकांवर पांढरा-हिरवा खार चढला होता, तो कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुतला, कोरडें करून नवी बॅटरी बसविली. किल्ली दोन-तीनदां अर्धीच फिरवून पंपास नळ्या भरूं दिल्या आणि मग सेल्फ मारला. पांच महिन्यांचें शिळें पेट्रोल! दोनदां कुरकुरून तिसऱ्या खेपेस एंजिन लागलें. स्टार्टर निर्दोष, पंप निर्दोष. वाड्यांतलीं सारीं माणसें अंगणांत जमलीं, आणि पुतण्या म्हणाला, "बॅटरीच होती, काका. संपलें."

न्यायशास्त्र शिकलेल्या मनुष्यास हें "संपलें" रुचणें शक्य नव्हतें. नवी बॅटरी घातली आणि गाडी लागली, ह्यावरून जुनी निकामी होती एवढेंच सिद्ध होतें. ती निकामी कां झाली हें सिद्ध होत नाहीं. उपशयानें होणारी फसगत म्हणतों ती हीच. उभ्या गाडींतही घड्याळ आणि चोरास अटकाव करणारी यंत्रणा थोडी वीज खातच असतात. तो प्रवाह साधारणपणें ५० मिलिअँपिअरच्या आंत असावा. हिशेब सोपा आहे: ५० मिलिअँपिअर चोवीस तास म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, ३५ अँपिअर-तासांची आमची बॅटरी त्या मानानें महिनाभर पुरावी. पण नवी बॅटरी घालून गाडी चार दिवस मुद्दाम उभी ठेविली, तों यंत्रांत १२.६ चे १२.३ झाले. कोठें तरी गळती होती.

मग गल्लींतला वायरमन बोलाविला. त्यानें बॅटरीची ऋण तार सोडून प्रवाह मोजण्याचें यंत्र मध्यें जोडलें, गाडीच्या यंत्रणा निजाव्या म्हणून अर्धा तास थांबला, आणि आंकडा वाचला: १३० मिलिअँपिअर. आतां अन्वय आणि व्यतिरेक. एक फ्यूज काढावा, आंकडा पाहावा, परत घालावा, दुसरा काढावा. सारे फ्यूज झाले तरी आंकडा हालेना! तेव्हां बॅटरीपासून थेट निघालेली एक तांबडी तार त्यानें बोटानें धरून पुढें पुढें नेली. ती बंधूंनीं मागाहून बसवून घेतलेल्या टेपकडे गेली होती. ती सोडतांच आंकडा २० वर आला.

बंधूंस नाट्यसंगीताचा नाद. गाडी बंद असतांनाही गाणें ऐकतां यावें म्हणून त्यांनीं ती तार किल्लीस वळसा घालून जोडवून घेतली असावी. ते रोज गाडी बाहेर काढीत, तोंपर्यंत टेपनें रात्रीं खाल्लेलें एंजिन सकाळीं भरून देई आणि दोष कोणासच दिसला नाहीं. ते गेले, आणि अकरा-बारा दिवसांत बॅटरी रिकामी झाली असली पाहिजे. म्हणजे तेराव्याच्या आंतच.

टेप काढूनच टाकावा असें वायरमनाचें मत होतें. वहिनींनीं मान हालविली. तेव्हां त्यानें तार किल्लीच्या मागें घेतली. गाडी बंद कीं टेप बंद. विक्रीचा विषय नंतर निघाला नाहीं.

ज्यांच्या घरीं गाडी वरचेवर उभी राहते त्यांच्यासाठीं दोन शब्द. दुसऱ्या गाडीची वीज उसनी घेतांना धन टोंक धनास जोडावें, पण ऋण तारेचें शेवटचें टोंक उतरलेल्या बॅटरीवर न लावतां एंजिनच्या रंग नसलेल्या लोखंडावर लावावें. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें पेट घेतो. पार उतरलेल्या बॅटरीची गाडी ढकलून सुरू करण्याचा जुना खटाटोप हल्लींच्या गाड्यांत बहुधा व्यर्थ जातो. पंपास आणि ठिणगीसच वीज नसते. अंगणांतल्या अंगणांत पांच-दहा मिनिटें एंजिन चालविल्यानें सेल्फनें घेतलेलेंही नीट भरून येत नाहीं. आमचा पुतण्या दर रविवारीं वहिनींस घेऊन संगम माहुलीस जातो, तेवढी फेरी पुरते. महिन्याहून अधिक बाहेर जाणें असेल तर ऋण तार सोडूनच जावें, आणि पावसाळ्यांत हातब्रेक ओढून ठेवूं नये, तो गंजून चिकटतो. गाडी गिअरमध्यें घालून चाकांमागें दोन विटा लावाव्या.