जकात आणि आमचे घर

‘अधांतर’ शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतो आणि दरवर्षी मी त्याचे अर्धेच उत्तर देतो. जयंत पवारांचे हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या एका कुटुंबाची जी वाताहत झाली, तिचे ते नाटक. वर्गातल्या मुलांचा जन्म त्या संपानंतर वीस-पंचवीस वर्षांनी झालेला. तेव्हा कोणीतरी विचारतेच, ‘सर, गिरण्या नेमक्या बंद कशाने पडल्या?’ मी संप सांगतो, मालकांचा आडमुठेपणा सांगतो, जमिनींचे चढलेले भाव सांगतो. हे सारे खरे आहे. पण या उत्तरात कापड कोठेच येत नाही. ते कोणत्या कराच्या ओझ्याखाली विणले जात होते, कोणाच्या स्पर्धेत विकले जात होते, हे मी सांगत नाही. त्याचे कारण घरगुती आहे आणि ते आज लिहून टाकावे असे वाटते.

माझे वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू) परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मामा इचलकरंजीला. मामांचे स्वतःचे चार माग. पण सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, आणि मामांची फक्त मजुरी, तीही पिकावर मोजलेली. पिक म्हणजे कापडातला आडवा धागा. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही. अशा मजुरीवर विणणाऱ्या मागवाल्याला तिकडे खर्चीवाला म्हणतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पहिले काही महिने आम्ही डिलाईल रोडवरच्या खोलीत रेटले आणि उन्हाळ्यात मामांचे घर गाठले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. खालच्या मागांच्या खडखडाटाने मला रात्रभर झोप येत नसे. आण्णांना मात्र त्याच आवाजात गाढ झोप लागे. कित्येक महिन्यांनी लागली, असे आई म्हणाली.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आण्णा माग पाहायला उतरले. कापडाला हात लावला. मग धागे मोजायचे भिंग, जे ते संपातही खिशात बाळगत, कापडावर ठेवून त्यांनी धागे मोजले, पुन्हा मोजले. भिंतीवर खिळ्याला टोचलेली व्यापाऱ्याची चिठ्ठी वाचली. ‘हा तर आमचा सॉर्ट,’ ते म्हणाले. संपाआधी गिरणीत ते जी पॉपलीन विणत होते, तीच मामांच्या मागावर उतरत होती. गिरणीचा शिक्का पुढे कोठेतरी पडणार होता.

मामा म्हणाले, ‘दाजी, कापड कुठं जातंय ते मला कोण सांगतंय? माग थांबला तर चूल थांबती.’

आण्णांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने आम्ही परत निघालो. पुढे सत्तावीस वर्षे, आण्णा जाईपर्यंत, दोघे लग्नकार्यांत एका पंक्तीला बसले, पण बोलले नाहीत. संप फोडणारा मामा, हे चित्र मीही तसेच वाढू दिले.

ते चित्र हलले ते कापडावरच्या करांचा इतिहास वाचनात आला तेव्हा. जकात हा शब्द मूळ अरबी. तिथे त्याचा अर्थ धर्माने सांगितलेले दान. मराठीत येईपर्यंत ते दान नाक्यावरची वसुली झाले. वसुली एकाकडून होते आणि झळ दुसऱ्यालाच लागते, हे कापडाच्या बाबतीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसत असेल. १८९४ साली तिजोरीत खडखडाट झाल्यावर सरकारने परदेशी कापडावर पाच टक्के जकात बसवली. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी ओरड केली, म्हणून तिचा तोल साधायला इथल्या गिरण्यांच्या बारीक सुतावरही तेवढाच कर लावला गेला. १८९६ साली दोन्हीकडे कापडावर साडेतीन टक्के ठरले. लँकेशायर ज्या जाड्याभरड्या कापडाच्या वाटेला फारसे जातही नव्हते, तेही या उत्पादनशुल्कातून सुटले नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात विदेशी कापडाच्या होळ्या झाल्या. होळ्या आपल्या लक्षात राहिल्या, साडेतीन टक्के विस्मृतीत गेले.

आणि ते साडेतीन टक्के जवळजवळ तीस वर्षे टिकले. १९२५ साली जपानी कापडाच्या स्पर्धेने आणि मंदीने मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या, तेव्हा मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सरकारला सांगितले की हे शुल्क उठवा, आम्ही कपात मागे घेतो. लाखाहून अधिक कामगार सप्टेंबरपासून बाहेर राहिले. डिसेंबरच्या आरंभी शुल्क स्थगित झाले, कपात मागे घेतली गेली, संप मिटला. हे वाचले तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ तसाच बसून राहिलो. मालक आणि सरकार यांच्यातल्या कराच्या भांडणात ओलीस होता साच्यावरचा माणूस, आणि ज्या तीन महिन्यांत तो उपाशी राहिला त्यांचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात मांडलेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हेतू पालटला, हत्यार तेच राहिले. हातमाग जगवायचा म्हणून १९५६ पासून गिरण्यांना माग वाढवायची मनाई झाली. गिरणीच्या कापडावर शुल्क अधिक, लहान मागवाल्यावर नाममात्र किंवा मुळीच नाही. हेतू चांगलाच होता. पण त्या सवलतीच्या सावलीत हातमागापेक्षा यंत्रमाग फोफावला: भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत. बारा-बारा तासांची पाळी, युनियन नाही, फंड नाही. मामांचे चार माग या धोरणाचे अपत्य होते आणि आण्णांची नोकरी त्याच धोरणाने हळूहळू पोखरली होती. १९८२ च्या उन्हाळ्यात दोघे एका कापडाच्या दोन बाजूंना उभे होते, आणि दोघांपैकी कोणालाही हे कोणी सांगितले नव्हते.

आपल्या साहित्याने तरी सांगायचे होते का? मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून नारायण सुर्व्यांपर्यंत आपल्याकडे गिरणीचा भोंगा आहे, चाळ आहे, लाल बावटा आहे. आयातशुल्क नाही. माझे एक सहकारी यावर म्हणतात की कादंबरी म्हणजे गॅझेटियर नव्हे. मान्य. परंतु दुष्काळावर लिहिणारा लेखक पावसाबद्दल लिहितोच. गिरणगावाचा पाऊस दिल्ली-लंडनला ठरत होता, ही जाणीव आपल्या कामगारसाहित्यात क्षीण आहे असे मला वाटते. तिच्या अभावी आपण खलनायक जवळपासच शोधत राहिलो, मी तर थेट आजोळी.

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावरचे वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. त्याच्याकडे आता आठ रेपियर माग आहेत. त्याने अमेरिकेला आजवर एक मीटरही विकलेले नाही. त्याचे कापड व्यापाऱ्यामार्फत तिरुपूरला जाते, तिथे शिवले जाते, मग बोटीवर चढते. व्यापाऱ्याने ‘जरा थांबा’ एवढेच कळवले होते. त्यातून सूत स्वस्त व्हावे म्हणून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत उठवले होते, त्याचे त्याला थोडे बरे वाटत होते. माझ्या वर्गात यवतमाळचा एक मुलगा आहे. त्याच्या घरी कापूस वेचणीला यायचा होता. ‘सर, शुल्क अमेरिकेनं लावलं ना? मग भाव आमचा का पाडला?’ असे त्याने विचारले. मी त्याला १९३३ सांगितले. तेव्हा ब्रिटिशेतर परदेशी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली गेली, जपानने उलट भारतीय कापूस घेणे थांबवले, आणि १९३४ च्या करारात आमचा कापूस किती गाठी घ्याल तर तुमचे कापड किती वार घेऊ, असा हिशेब दोन्ही सरकारांनी मांडला. त्याने वहीत लिहून घेतले. समाधान झाल्यासारखे दिसले नाही.

त्याच फोनवर शेवटी मामा आले. ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येते, म्हणून मोठ्याने बोलतात. मागांचे, शुल्काचे काही बोलले नाहीत. ‘दाजींचा तो सॉर्ट किती पिकाचा होता रे?’ म्हणाले. ‘परवापासनं आठवतोय, आठवंना.’

आण्णांचे भिंग माझ्या टेबलाच्या खणात आहे. आकडा मला ठाऊक नव्हता.