एक ठिपका

मुद्रितें तपासण्यांत ज्याच्या आयुष्याचीं तीस वर्षें गेलीं, त्याला दुसऱ्याच्या चुका शोधण्याची चटक लागली तर त्यांत नवल नाहीं. मी निवृत्त झालों, पण ही चटक कांहीं निवृत्त झाली नाहीं. लग्नपत्रिका हातीं आली कीं वधूवरांच्या नांवांआधीं माझी दृष्टि ऱ्हस्वदीर्घांवर जाते. घरच्या मंडळींना याचा जाच होतो, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच कीं काय, सुटींत घरीं आलेल्या आमच्या धाकटीनें एके दिवशीं संगणक माझ्यापुढें सरकवला आणि म्हटलें, "बाबा, तुम्हांला चुका काढायला आवडतात ना? मग या चित्रांतल्या काढा."

चित्र होतें अण्णांचें, म्हणजे माझ्या वडिलांचें. शाळेंत असतांना धाकटीनें संगणकावर एक लहानसा खेळ रचला होता. त्यांत एक आजोबा काठी टेकीत वाड्यांतून हिंडत आणि आपला हरवलेला अडकित्ता शोधीत. खेळांतल्या अशा फिरत्या आकृतीला स्प्राइट म्हणतात. आमचे हे आजोबा १६ ठिपके रुंद आणि २४ ठिपके उंच होते. पुढें तो संगणक बंद पडला आणि मूळ चित्र त्याच्याबरोबर गेलें. मागें उरलें तें तिनें कधीं काळीं माझ्या फोनवर पाठविलेलें खेळाच्या पडद्याचें एक चित्र. अण्णांना जाऊन आतां चार वर्षें झालीं. धाकटीला तो खेळ पुन्हां उभा करायचा होता आणि त्यांत तेच आजोबा हवे होते.

"मग नवे काढ कीं," मीं म्हटलें.

"नवे काढले तर ते मीं आठवून काढलेले होतील," ती म्हणाली. "मला समोर बसलेले असतांना काढलेले हवेत."

या उत्तरावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें. मी कामाला लागलों.

चौकोनी ठिपक्यांची ही कला आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या किंवा जाळीच्या कापडावर फुल्यांच्या टांक्यांनीं पोपट भरणाऱ्या बायका हेंच करीत आल्या आहेत. १९८४ सालच्या मॅकिन्टॉश संगणकासाठीं सुझन केअर या बाईंनीं ३२ बाय ३२ चौकटींत चित्रें काढलीं, आणि त्यांनाहि या कामांत भरतकामाचें साम्य दिसलें. जागेची टंचाई हाच या कलेचा गुरु. १९८१ सालीं जपानच्या शिगेरु मियामोतो यांनीं 'डाँकी काँग' या खेळासाठीं एक मनुष्य काढला. एवढ्याशा चेहऱ्यांत तोंड दाखवायला जागा नव्हती, म्हणून त्याला मिशा दिल्या. केस नीट काढतां येईनात, म्हणून डोक्यावर टोपी घातली. तोच पुढें मारिओ या नांवानें जगभर ओळखला जाऊं लागला. इतक्या लहान चित्रांत एक ठिपका म्हणजे वाक्यांतला एक स्वल्पविराम नव्हे. कित्येकदां तें अख्खें क्रियापद असतें.

मीं चित्र मोठें करून पाहिलें आणि एखाद्या नवशिक्या जुळाऱ्याचें पहिलें मुद्रित हातीं यावें तसें मला झालें. मूळ चित्रांत रंग सात: टोपीचा काळा, कोटाचा तपकिरी आणि त्याची गडद छटा, धोतराचा पांढरा, काठीचा पिवळट आणि अंगकांतीच्या दोन छटा. मीं मोजले तेव्हां ते तीनशेंवर गेले होते. याला कारणें दोन. पडद्याच्या मापांत बसावी म्हणून आकृति साडेचारपट मोठी झाली होती. एका ठिपक्याचे चार करतां येतात, पांच करतां येतात. साडेचार कसे करणार? यंत्रानें पळवाट काढली आणि सीमेवरच्या ठिपक्याला दोन्ही शेजाऱ्यांचे रंग कालवून तिसराच रंग दिला. पुढें फोनवरून जातांना चित्र हलकें व्हावें म्हणून तें जेपेग पद्धतीनें आवळलें गेलें. १९९२ सालीं प्रमाण ठरलेली ही पद्धत मुख्यतः छायाचित्रांसाठीं आहे. ती चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे पाडते आणि त्यांतले डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फेरफार टाकून देते. आकाशाच्या किंवा झाडांच्या छायाचित्रांत तें खपून जातें. पण जिथें काळ्याला लागून एकदम पांढरें येतें, तिथें कांठाभोंवतीं मळकट ठिपक्यांचा धुरळा उठतो. अण्णांची काळी टोपी आणि पांढरें धोतर या दोहोंभोंवतीं तो भरपूर उठला होता.

माझा पहिला उपाय अडाणीपणाचा होता. चित्र रेखीव करण्याची एक कळ मला सांपडली. ती दाबतांच धुरळाहि रेखीव झाला. मग मऊ करण्याची कळ दाबली, तर अण्णा धुक्यांतून येत असल्यासारखे दिसूं लागले. धाकटी हसून म्हणाली, "बाबा, यांत कांहीं घालून भागायचें नाहीं. आधीं मूळ मापाला या."

तिनें दाखविलेली रीत अशी. अण्णांची आकृति आतां ७२ ठिपके रुंद आणि १०८ उंच झाली होती. तिच्यावर १६ उभे आणि २४ आडवे पट्टे पडतील अशी जाळी टाकायची. प्रत्येक घराच्या मधोमध जो रंग असेल तोच त्या घराचा मानायचा. सरासरी काढायची नाहीं, कारण सरासरींत कांठाची भेसळ येते. त्या रंगाला सातांपैकीं सर्वांत जवळच्या रंगांत बसवायचें. कडेचा ठिपका अर्धवट ठेवायचा नाहीं: तो अण्णांचा तरी, नाहीं तर मागच्या भिंतीचा तरी. शेवटीं चित्र पीएनजी पद्धतीनें जतन करायचें. १९९६ सालची ही पद्धत चित्र लहान करते, पण त्यांतलें कांहींच टाकीत नाहीं. पुढें मोठें करायचें झालें तर दुप्पट, तिप्पट असें पूर्ण पटींतच, आणि तेंहि रंग न कालवतां, ठिपक्याची केवळ नक्कल करून.

एकंदर ३८४ घरें. तीन संध्याकाळीं मी त्यांत रमलों. मधेंच धाकटीनें एक गंमत सांगितली. १९९१ सालच्या 'सॉनिक' या खेळांत धबधबे एकाआड एक उभ्या रेघांनीं काढले होते. जुन्या दूरचित्रवाणी संचांवर त्यांच्या अंगच्या धूसरपणामुळें त्या रेघा मिसळून जात आणि पाण्याआडचें दृश्य दिसल्याचा भास होई. आजच्या स्वच्छ पडद्यावर नुसत्या रेघा दिसतात, आणि न जाणणाऱ्याला तो दोष वाटतो. मीं तें ऐकलें आणि सोडून दिलें.

तिसऱ्या संध्याकाळीं अण्णा उजळले. टोपी टोपीसारखी झाली, काठीचा पीळ सुटला, कानाजवळ उडालेला एक पांढरट ठिपका मीं पुसला, आणि मोठ्या ऐटींत धाकटीला हांक मारली. ती वांकून पाहूं लागली. बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

"बाबा, दोरा कुठें गेला?"

"कसला दोरा?"

"आजोबांच्या चष्म्याचा."

मग मला आठवलें. अण्णांच्या चष्म्याची एक काडी मोडली होती आणि ती त्यांनीं पांढऱ्या दोऱ्यानें बांधली होती. शेवटचीं दोन वर्षें तो दोरा तसाच होता. त्यावरून मीं त्यांच्याशीं किती वाद घातले! चारचौघांत बरें दिसत नाहीं, लोक मला काय म्हणतील, हें सारें बोलून झालें. नवा चष्माहि आणून दिला. तो त्यांच्या फडताळांत डबींतच राहिला. दोऱ्यानें चालतें आहे, एवढेंच ते म्हणत. शाळकरी नातीनें तो दोरा पाहिला, आणि तिच्यापाशीं असलेल्या तुटपुंज्या ठिपक्यांतला एक त्याच्यासाठीं खर्च केला. मीं तो धुरळा समजून पुसला.

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा कीं, लेखकाचें वाक्य कितीहि वांकडें वाटलें तरी आपण तें सरळ करायचें नाहीं. समासांत प्रश्नचिन्ह करायचें आणि कागद लेखकाकडे पाठवायचा. तीस वर्षें मीं तो पाळला. इथें लेखिका शेजारच्या खोलींत होती आणि मीं तिला विचारलें नाहीं.

पहिलें मुद्रित जपून ठेवण्याची संवय मात्र कामीं आली. मूळ मळकट चित्र मीं तसेंच राखलें होतें. तें उघडलें, वरून सहावी ओळ मोजली, आणि कानाजवळच्या घरांत धोतराचा पांढरा रंग भरला. ठिपका जागेवर बसतांच समोर अण्णा होते. इतका वेळ कोणी तरी नीटनेटके गृहस्थ होते.

"आतां कांहीं चूक राहिली आहे का?" धाकटीनें विचारलें.

"नाहीं," मीं म्हटलें. "आहे तसेंच असूं दे."