जवळची वाट आणि मोकळी वाट

राउटर नावाच्या यंत्राची ओळख आता घरोघर झालेली आहे. हिरवे दिवे लुकलुकणारी भिंतीवरची ती पेटी रुसली की मुलेबाळे कासावीस होतात. परंतु गावागावांना जोडणाऱ्या कंपन्यांच्या इमारतींत याच जातीची जी थोरली यंत्रे अहोरात्र घरघरत असतात, त्यांच्याशी फारच थोड्यांचा संबंध येतो. आमचा तो पणजीतील नोकरीत पुष्कळ वर्षे आला. त्या यंत्रांत ‘ट्रॅफिक इंजिनीअरिंग टनेल’ बांधणे हे आमचे एक नित्यकर्म होते. टनेल म्हणजे बोगदा. पण येथे डोंगर नाही की सुरुंग नाही. संदेशांच्या एखाद्या ओघाने कोणकोणत्या ठिकाणांवरून जावे, त्याच्यासाठी किती जागा धरून ठेवावी आणि अडचणीच्या वेळी त्याने कोणापुढे हटावे, हे यंत्रास आधीच सांगून ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ.

वाचक विचारतील, हे सांगावे का लागते? राउटरला वाट ठाऊक नसते काय? ठाऊक असते, आणि घोटाळा तेथेच आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५६ साली ॲम्स्टरडॅमच्या एका कॉफीगृहात बसून, हाती कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत जवळात जवळची वाट काढण्याची रीत शोधली आणि १९५९ साली ती प्रसिद्ध केली. आजचे राउटर तीच रीत चालवतात. ती निर्दोष आहे. पण प्रत्येक जण जवळची वाट धरू लागला म्हणजे त्या वाटेवर रेटारेटी होते आणि शेजारची वाट ओस पडते.

आमच्या कंपनीच्या पणजीहून मुंबईस जाणाऱ्या दोन वाटा होत्या. एक किनाऱ्याची, सुमारे ६०० किलोमीटरची. दुसरी बंगळूरुवरून फिरून जाणारी, सुमारे १५०० किलोमीटरची. दोहोंची ताकद सारखीच, सेकंदास १००० मेगाबिट. संध्याकाळी किनाऱ्याची तार तुडुंब भरे आणि बंगळूरुची अर्धीअधिक रिकामी असे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे ९०० किलोमीटरचा वळसा पडला तरी खर्च साडेचार मिलिसेकंदांचा. भरलेल्या तारेच्या तोंडाशी रांगेत तिष्ठण्यात याच्या कितीतरी पट वेळ जातो. किनाऱ्याच्या वाटेचा कागदावरचा ‘खर्च’ वाढवून पाहावा, तर अवघी गर्दी एकदम बंगळूरुकडे लोटे आणि तिकडे तोच प्रकार होई. निवडक ओघच तेवढा वळवायचा, तर बोगद्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९९ साली या विद्येच्या गरजा लिहून काढल्या गेल्या आणि २००१ च्या डिसेंबरात बोगद्यांसाठी राउटरांनी आपसांत बोलण्याचे नियम ठरले.

प्रत्यक्ष काम तसे थोड्या ओळींचे. प्रत्येक तारेवर ही सोय चालू करावयाची, तारेतील किती भाग राखण्याजोगा ते सांगावयाचे, मग बोगद्याला क्रमांक, शेवटचे ठिकाण आणि वाट द्यावयाची. पालखी देवळातून निघाली की वाटेतील मानाची ठिकाणे ठरलेली असतात. ती जवळच्या गल्लीने जात नाही. तशीच या वाटेवरील मुक्कामांची यादी क्रमाने लिहिता येते. पहिला राउटर ‘जागा आहे काय?’ अशी पृच्छा पुढे धाडतो. ती मुक्कामामागून मुक्काम करीत शेवटपर्यंत जाते आणि होकार उलट्या पावली परत येतो. येताना प्रत्येक राउटर आपल्या मागल्यास एक आकडा देतो. पुढे येणाऱ्या संदेशांवर तोच शिक्का असतो आणि मधली यंत्रे पत्ता न वाचता शिक्का पाहूनच त्यांस पुढे ढकलतात. सगळे यथास्थित झाले तरी एक ओळ राहून गेली तर बोगदा चालू दिसतो आणि आत चिटपाखरूही फिरकत नाही. बोगदा हीही एक वाट आहे, अशी ग्वाही राउटरच्या हिशेबात द्यावी लागते. नवशिक्यांना या ओळीने फार रडवले आहे.

राखीव जागेविषयी मात्र पुष्कळांची समजूत चुकीची असते. ५० मेगाबिट राखले म्हणजे तारेत तेवढी पोकळी कोणी कुंपण घालून ठेवत नाही. ती वहीतील नोंद असते. पुढचा बोगदा मागितला गेला की राउटर वही पाहून हो किंवा नाही म्हणतो. पण बांधल्या बोगद्यातून कोणी दुप्पट माल लोटला तर वही त्याला अडवीत नाही. अडवावयाचे असेल तर तो बंदोबस्त निराळा करावा लागतो.

आणि प्राधान्य! शून्य ते सात असे आकडे असतात. शून्याचा मान सर्वांत मोठा. जागा अपुरी पडली की लहान आकड्याचा बोगदा मोठ्या आकड्याच्या बोगद्यास उठवतो. २००९ च्या उन्हाळ्यात कचेरीने आम्हांस जी यादी दिली, तीत हे आकडे गिऱ्हाइकाच्या मासिक बिलावरून टाकलेले होते. बँकेला ३, एका बड्या व्यापारी गिऱ्हाइकाला ५, आणि मुंबईच्या तज्ज्ञांकडे क्ष-किरण चित्रे धाडणाऱ्या एका रुग्णालयाला ६. यंत्राला बिल आणि रोगी यांतला भेद कळत नाही. तो आकडा टाकणाऱ्यालाच कळावा लागतो. आम्ही साहेबांकडे गेलो. म्हणालो, “साहेब, रुग्णालयाला २ देऊ या. त्याचे मागणे अवघे ५० चे आहे.” साहेब म्हणाले, “आणि त्या ५० साठी ४५० चा अख्खा बोगदा उठला, तर मी तोंड कुठे दाखवू?” बोलणे खोटे नव्हते. राउटर बोगदा अर्धा उठवीत नाही. उठवला तर सगळाच. तेव्हा आम्ही ४५० च्या एकाऐवजी १५० चे तीन बोगदे सुचवले आणि साहेबांनी सही केली.

त्याच वर्षी जुलैत, रात्री, दरड कोसळून किनाऱ्याची तार तुटली. व्यापारी गिऱ्हाईक आधीच बंगळूरुवरून जात होते. आता बँकेचे ३०० तिकडे आले. आमच्या राउटरवर तारेचा पाऊण हिस्साच, म्हणजे ७५०, राखता येत असे. वही भरली. पाठोपाठ रुग्णालयाचा बोगदा आला, आणि त्याच्या २ पुढे १५० चा एक बोगदा उठला. त्यातील माल उरलेल्या दोहोंत शिरला. वहीबाहेरची तार मोकळी असल्याने गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. बोगद्याबाहेरच्या सामान्य रहदारीचे मात्र त्या रात्री हाल झाले, हेही सांगितले पाहिजे.

एक धाकधूक उरली होती. बोगदा एकाच दिशेचा असतो. मुंबईहून परतणाऱ्या अभिप्रायांचा बोगदा मुंबईच्या मंडळींनी बांधलेला. तिकडे जुनीच यादी चढली असली तर चित्रे जायची आणि उत्तर अडकायचे. फोन लावला. तेथील सहकाऱ्याने पडद्यावर पाहून सांगितले, “दोन आहे. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी बदललंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तार जोडली गेली. बोगदे लगेच परतले नाहीत. आमच्या राउटरची फेरतपासणी तासाने एकदा होई. ती वेळ येताच त्याने किनाऱ्यावरून नवी वाट पक्की केली, ओघ तिच्यावर वळवला, आणि मगच बंगळूरुची सोडून दिली.