तोट की तोटा?

खरं सांगू? कॉफी म्हणजे माझ्यासाठी डेडलाइनवरचं औषध. दूध, साखर, वर फेस, विषय संपला! त्यामुळे पुण्यातली माझी रूममेट म्हणाली, ‘‘२६ जानेवारीला जोडून सुट्टी घे, घरी कॉफीची तोडणी आहे,’’ तेव्हा मी फुकटचा वीकएंड समजून बॅग भरली.

घर चिकमगळूरजवळ, पंधरा एकरांचं. फोनवर ती सारखी ‘तोट, तोट’ करायची आणि मला वाटायचं, यांना रोज कसला तोटा होतो? कानडीत तोट म्हणजे बाग, हे तिथे गेल्यावर कळलं.

समोरच बाबा बुडनगिरीचा डोंगर. सतराव्या शतकात हजहून परतताना बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि इथे लावल्या, अशी आख्यायिका. तिचे अप्पा ही गोष्ट घरातल्या पूर्वजाची असावी तशी सांगतात. वर सिल्व्हर ओकची सावली, त्याच्या खोडावर मिरीचे वेल, खाली कॉफी. ‘‘कॉफी पडली, तर मिरी सावरते,’’ हा अप्पांचा फंडा.

पहिल्या दिवशी मी जोशात हिरवी फळंही ओरबाडली. अज्जींनी न बोलता माझी टोपली उपडी केली आणि एकेक हिरवं फळ वेगळं काढलं. तोडायची फक्त लाल! एकाच झाडाशी म्हणूनच पुन्हा पुन्हा जावं लागतं. ५-६ किलो फळांतून जेमतेम किलोभर कॉफी मिळते. साल काढायची, चिकट बिया आंबवायच्या, धुवायच्या आणि मग अंगणात आठ-दहा दिवस ऊन द्यायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. जानेवारीत! मैत्रीण ऑफिसच्या कॉलवर होती. लॅपटॉप तसाच टाकून ती धावली. अज्जी, अप्पा, मजूर, मी, सगळे ताडपत्र्या ओढत होतो. तरी एका कोपऱ्यातलं भिजलंच. ओल राहिली की बुरशी, आणि बुरशी लागली की भाव गेला.

रात्री अप्पा हिशेबाची वही घेऊन बसले. अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, खोडकिडा लागलेली झाडं उपटून जाळावी लागतात, मजूर मिळत नाहीत. मग मोडक्या हिंदीत मला म्हणाले, ‘‘हिला सांग, नोकरी सोडू नको म्हणून.’’

मी काय सांगणार? ती शेजारीच बसली होती. काही न बोलता तिनं वही स्वतःकडे ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.

तिनं नोकरी सोडलेली नाही. पण आता दर महिन्याला चार दिवस ती तिकडूनच काम करते आणि वही तिच्याकडे असते.

मार्चअखेर तिचा फोन आला. म्हणाली, ‘‘पाऊस पडला!’’ मी घाबरून विचारलं, ‘‘अगं, किती भिजलं?’’ ती हसतच सुटली. मार्चमधल्या याच पावसाची तर सगळे वाट बघत असतात. तो पडला की आठ-दहा दिवसांत अख्खा तोट पांढऱ्या फुलांनी भरतो, मोगऱ्यासारखा घमघमतो आणि तीन-चार दिवसांत सगळं संपतं.

मी लगेच कडूरचं तिकीट काढलं. यावेळी वीकएंड म्हणून नाही, आणि टोपली मीच मागून घेणार होते. ‘‘वेडी,’’ ती म्हणाली, ‘‘आत्ता तोडायला काहीच नाही. नुसती ये.’’